आग रामेश्वरी, बाटली सोमेश्वरी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत नवरात्रात आनंदमेळा भरतो. पोडियमवर बावीस स्टॉल, त्यांतले निम्म्याहून जास्त खाण्याचे आणि सगळे घरच्यांचेच: कुणाची मिसळ, कुणाचे वडे, कुणाची पाणीपुरी. गेल्या खेपेच्या तयारीच्या बैठकीत भांडण जुंपलं ते जागेवरून नाही, भावावरूनही नाही, तर सॅनिटायझरवरून. एका गटाचं म्हणणं, खाण्याच्या प्रत्येक स्टॉलवर बाटली सक्तीची करा. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही हाताला लावल्याशिवाय पदार्थाला शिवायचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, ते स्पिरिट आहे, केमिकल आहे, अन्नाच्या वाऱ्यालाही नको. "अहो काका, ऑपरेशन थिएटरमध्ये मग काय वापरतात?" असं एकीकडून, "वहिनी, ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी वडे तळत नाही," असं दुसरीकडून. पावणेदोन तास हे चाललं. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि बाटलीवाले जिंकले. बावीस स्टॉलच्या त्या पोडियमवर नळ किती आहेत, हे मात्र कुणी विचारलं नाही. एक आहे. माळीकाका झाडांना पाणी घालायला पाइप लावतात तो.

मीही विचारलं नाही, हे आधी कबूल करतो; घरी आल्यावर सुचलं. पण तेव्हापासून हा वाद जिथे जिथे ऐकला तिथे तो असाच चुकीच्या जागी उभा राहून घातलेला दिसला. सॅनिटायझर विष नाही आणि साबणही नाही. अन्नाच्या कामात त्याला जागा आहे, पण ती तिसरी: आधी वाहतं पाणी आणि साबण, मग हात कोरडे करणं, आणि त्यानंतर हवंच असेल तर सॅनिटायझर. तेही पेटलेल्या शेगडीपासून लांब, आणि ताटं, फळं, भाज्या यांच्यावर कधीच नाही. पहिल्या दोन पायऱ्या नसतील तर तिसरीवर उभं राहून कितीही जोरात बोललं तरी उपयोग नाही.

आता वहिनींचा ऑपरेशन थिएटरचा मुद्दा. तो टिंगल करून उडवण्यासारखा नाही. उलट बाटलीवाल्यांकडचा तोच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. रुग्णालयांत अल्कोहोलयुक्त द्रावणाने साबणाला मागे टाकलं हे खरं आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेखाटेशी अशी द्रावणं ठेवून मोहीम चालवली, तेव्हा १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात होणारे संसर्ग कमी झाले. कारण सोपं होतं. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना नर्सने दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन हात धुवायचे तर तिची निम्मी पाळी बेसिनवरच जाईल. खाटेशी बाटली आली आणि तो फेरा वाचला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सोपी कृती दिली, ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोबत थोडं ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि गरीब देशांतली रुग्णालयंही ते स्वतः बनवू लागली. हे मोठं काम आहे आणि त्याने जीव वाचले आहेत.

पण नर्सचा हात आणि वडे करणाऱ्याचा हात एक आहे का? नर्सचा हात बहुतेक वेळा कोरडा असतो आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारा असतो. तिचे हात रक्ताने किंवा आणखी कशाने भरले, तर त्याच रुग्णालयाचा नियम सांगतो की बाटली नको, साबण-पाणी घ्या. स्वयंपाक्याचा हात कायमच भरलेला असतो. अल्कोहोलचं काम काय, तर जंतूंच्या प्रथिनांची घडी मोडणं आणि त्यांचं स्निग्ध आवरण विरघळवणं. त्याला जंतूपर्यंत पोचावं तर लागतं. बेसनाचा लगदा, तेल, बटाट्याचा चिकटा यांच्या थराखाली जंतू दडलेला असेल तर वरून चोळलेले दोन थेंब थरावरच खर्ची पडतात. शिवाय मारलेलं जागेवरच राहतं, कारण सॅनिटायझर काही वाहून नेत नाही. साबणाची रीत वेगळी. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि घाण, जंतू, चिकटा सगळं सुटून पाण्याबरोबर मोरीत जातं. मारण्यापेक्षा हाकलणं हा साबणाचा खरा पराक्रम.

आणि सगळे जंतू अल्कोहोलला बधतातही कुठे? लग्नाच्या पंगतीत किंवा सहलीत एकाच्या हातून पन्नास जणांना उलट्या-जुलाब लावणारा नोरोव्हायरस बिनआवरणाचा असतो. त्याच्यावर साधं सॅनिटायझर फारसं चालत नाही. उरलेल्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस हा जंतू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात अल्कोहोलमध्येही तग धरतो, उकळीतही टिकू शकतो. आणि जंतू सोडा, आपल्या स्वयंपाकघरात भाजीपासून खिचडीपर्यंत पडणारा दाण्याचा कूट घ्या. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला त्यातलं प्रथिन बाधतं. साबण-पाण्याने ते हातावरून निघतं, सॅनिटायझरने निघत नाही, हे तपासून पाहिलं गेलेलं आहे. म्हणजे साबुदाण्याची खिचडी वाढून झाल्यावर बाटली दाबून त्याच हाताने त्या मुलाला साधं दही दिलं, तर आपल्याला वाटलं हात स्वच्छ, आणि कूट होता तिथेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची खाद्यगृहांसाठीची आदर्श नियमावली म्हणूनच स्पष्ट सांगते की असं द्रावण लावायचं ते धुतलेल्या हातांवरच. धुण्याच्या बदल्यात नाही.

मेळ्यात पाणीपुरीच्या स्टॉलवर मी थोडा वेळ उभा राहिलो होतो. स्टॉल चालवणारी मुलगी कॉलेजातली, मनापासून नियम पाळणारी. दर गिऱ्हाइकाआधी बाटली दाबायची, हात एकदा एकमेकांवर फिरवायची आणि ओल्याच हाताने पुरी फोडून थेट पुदिन्याच्या पाण्यात बुडवायची. चौथ्या-पाचव्या पुरीला मला लिंबाचा वास आला. पुदिन्यातल्या लिंबाचा नव्हे, फरशी पुसायच्या पाण्यासारखा. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी तर तोंड वाकडं करून "कडू आहे गं" म्हटलंच. त्यांचं तोंड बिघडलेलं नव्हतं. कुणी पिऊ नये म्हणून अनेक सॅनिटायझरांत मुद्दाम अतिशय कडू द्रव्य घालतात, आणि ते अल्कोहोलसारखं उडून जात नाही. ग्लिसरीन, सुगंध, जेलला दाटपणा आणणारा पदार्थ, हे सगळं हातावर राहतं आणि तिथून पाण्यात. त्या मुलीने स्वच्छतेत काही कमी केलं नव्हतं. तिला जे सांगितलं तेच तिने केलं, आणि तिला सांगणारे आम्ही होतो.

आता विषवाद्यांकडे वळू. त्यांच्या भीतीला आधार नाही असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या लसीकरणात बारा लहान मुलांच्या तोंडात लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबई महापालिकेत शिक्षणाचा अर्थसंकल्प मांडताना एका मोठ्या अधिकाऱ्याने पाणी समजून सॅनिटायझरची बाटली तोंडाला लावली आणि सगळ्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर पाहिलं. मुलं बरी झाली, अधिकारीही हसून मोकळे झाले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दारूची दुकानं बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्याच वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. लहान मुलाच्या पोटात इथेनॉलचे दोन-तीन घोट गेले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि बाटलीत इथेनॉलऐवजी मेथेनॉल असेल तर काय होतं हे मुंबईत मालाडच्या मालवणी भागातल्या २०१५च्या विषारी दारूने शंभराहून जास्त बळी घेऊन दाखवलेलं आहे. २०२०मध्ये कोरोनामुळे मागणी फुगली तेव्हा जगभर असली मेथेनॉलची सॅनिटायझरं बाजारात आली आणि आपल्याकडच्या तपास यंत्रणांनाही राज्यांना सावध करावं लागलं.

या उदाहरणांकडे नीट पाहिलं तर त्यांत एकही माणूस सॅनिटायझर लावलेल्या, वाळलेल्या हाताने जेवून आजारी पडलेला नाही. घाटंजीत आणि महापालिकेत बाटली ओळखण्यात चूक झाली, वणीत माणसं मुद्दाम प्यायली. सगळीकडे धोका घोटाचा. चांगल्या प्रतीचं द्रावण हातावर चोळून वीस-तीस सेकंदांत पूर्ण वाळलं की अल्कोहोल हवेत गेलेलं असतं. त्यानंतर पोळीबरोबर पोटात जातो तो अंश नगण्य. मग विषवाद्यांनी आग्रह कशाचा धरायला हवा होता? रिकाम्या पाण्याच्या बाटलीत सॅनिटायझर भरायचं नाही. पाच लिटरच्या कॅनमधून सुट्टं, बिनलेबलचं घ्यायचं नाही. व्हिनेगर, गुलाबपाणी, चटण्या यांच्या रांगेत ते ठेवायचं नाही. हे नियम त्यांनी मांडले असते तर मी हात वर केला असता. त्याऐवजी ते "केमिकल, केमिकल" करत बसले. साबणही केमिकल आहे आणि खायचा सोडाही.

आश्चर्य म्हणजे खऱ्या धोक्याचं नाव दोन्ही गटांनी घेतलं नाही. तो धोका आगीचा. ७०-८० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २० अंशांच्या आसपास ठिणगी मिळताच पेट घेते. ठाण्यात कढईशेजारी २० अंश कधी असतात? त्यातून ही ज्योत फिकट निळी, भर दिवसा तर जवळजवळ दिसतच नाही. चटका बसल्यावर कळतं. आमच्या वड्याच्या स्टॉलवर ती सक्तीची बाटली कुठे होती सांगू? गॅसच्या शेगडीपासून वीतभर अंतरावर, झाऱ्याच्या बाजूला, कारण टेबलावर तेवढीच जागा मोकळी होती. आणि ठराव आमचा होता की हात लावण्याआधी दर वेळी दाबायची. ओल्या हाताने लायटर पेटवला नाही हे त्या भाऊंचं नशीब. मी बाटली उचलून खांबामागे ठेवली तर समितीचे एक सदस्य फेरी मारत आले आणि त्यांनी ती नियमाप्रमाणे परत आणून ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संकट आलं की दिसेल तिथे औषध शिंपडायचं, ही खोड जुनी आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पालिकेने कंबर कसली. गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक या जंतुनाशकाने धुतली, घरांवर चुन्याचे हात मारले, भिंतींवर, सामानावर, माणसांवर जंतुनाशकं ओतली. शहराला कार्बोलिकचा वास लागला आणि प्लेग पसरत राहिला. दोन वर्षांनी, १८९८मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवलं की रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो, आणि तेही लोकांच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं गेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना पिसू माहीत नव्हती, म्हणून त्यांना माफ करता येईल. आपल्याला काय माहीत नाही? (याच प्लेगच्या धामधुमीत १८९७चा साथरोग कायदा आला आणि २०२०मध्ये आपण तोच बाहेर काढला. कायदा सव्वाशे वर्षं टिकला याचं कौतुक करायचं की काळजी, हा वेगळा विषय.) २०२०मध्ये आपण दुधाच्या पिशव्यांवर, कोथिंबिरीच्या जुडीवर सॅनिटायझर फवारलं. भाजी-फळांना जंतुनाशकं किंवा साबण लावू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण तेव्हाच सांगत होतं. आमच्या मजल्यावर एकांनी द्राक्षांवर फवारा मारला होता. द्राक्षं टाकून द्यावी लागली, आणि द्राक्षं महाग होती.

हे का होतं? मला वाटतं, सॅनिटायझर हे आपलं नवं सोवळं आहे. जुन्या सोवळ्यात सगळंच खोटं होतं असं नाही. आंघोळ करून धुतलेल्या वस्त्राने स्वयंपाकाला लागणं यात शहाणपण होतंच. पण सोवळ्याचा भर हळूहळू स्वच्छतेवरून शिवाशिवीवर गेला आणि त्या शिवाशिवीने माणसांचं काय केलं हे सांगायला नको. ओलेत्याने विहिरीवरून आणलेलं पाणी शुद्ध, मग विहिरीत काही पडलेलं का असेना. बाटलीचंही तसंच झालंय. दाबली की सुटलो. समोरच्याला दिसतं, वासाने कळतं, फोटोत येतं. हात धुतलेले दिसत नाहीत, बाटली दिसते. हॉटेलच्या दारात उभा केलेला पेडलचा स्टँड पाहून आपण आत जातो, पण आतल्या मोरीशी साबण आहे का हे कितीजण बघतात? आणि घरी काम करणाऱ्या ताईंना दारात हातावर सॅनिटायझर देऊन थेट कणीक मळायला लावणाऱ्या घरात प्रश्न जंतूंचा असतो की शिवाशिवीचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो पोटाचा आहे. तलावपाळीला संध्याकाळी गाडी लावणाऱ्या माणसाने नळ कुठून आणायचा? सोसायटीतल्या माणसाने साबण-पाण्याचे गोडवे गावेत, त्याच्या घरात तीन बेसिनं असतात. पाणी नसेल तिथे काहीच नसण्यापेक्षा बाटली बरी, हे मान्य करायलाच हवं, आणि मी करतो. निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं, कोरड्या हातावर, वाळेपर्यंत चोळून. पण पाणी नाही हे गृहीत धरून थांबायचं का? एकदा नीट हात धुवायला किती पाणी लागतं? साबण चोळताना तोटी बंद ठेवली तर तांब्याभरही पुरतं. तोटी असलेल्या वीस लिटरच्या जारमध्ये तीस-एक वेळा हात धुऊन होतात. खाली एक बादली, सांडपाण्याला. गाडीवाला उसाच्या रसासाठी बर्फाची लादी आणतो, चटणीसाठी पाणी आणतो. हा एक जार त्याला अशक्य नाही. अडचण आहे ती तो भरायच्या जागेची. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहरोशहरी समित्या आणि विक्रीची क्षेत्रं ठरवायला सांगितलं. त्या क्षेत्रात सार्वजनिक नळ आणि मोरी का मागू नये? गाडीवाल्याच्या गाडीवर बाटली आहे का हे तपासणं फुकट असतं, त्याला नळ देणं खर्चाचं. म्हणून तपासणी बाटलीची होते.

नोटांचा प्रश्नही असाच. ज्या हाताने पैसे घेतो त्याच हाताने पाव देतो, म्हणून दर वेळी बाटली, असा युक्तिवाद करतात. एक माणूस पैशाला, एक माणूस पदार्थाला, किंवा साधा चिमटा, हे उपाय बाटलीपेक्षा जुने आणि पक्के आहेत. आणि गाडीवर लटकणाऱ्या क्यूआर कोडच्या पाटीने नोटा हाताळणं जितकं कमी केलंय तितकं कुठल्याही ठरावाने केलेलं नाही, तेही कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

तरी बाटली कुठे खरी उपयोगी पडते? दुधाची पावडर, बिस्किटं, मसाले अशा कोरड्या मालाच्या कारखान्यांत पाणीच शत्रू असतं; ओल आली की जंतू वाढतात. तिथे यंत्रं पुसायला अल्कोहोलचा फवारा वापरतात, पण ते बिनवासाचं, अन्नाच्या कामासाठीच बनवलेलं द्रावण असतं, औषधाच्या दुकानातलं लिंबाच्या वासाचं जेल नव्हे. आणि आपल्यापुरतं म्हणाल तर कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये, दांडी धरून उभं राहिल्यावर, डबा उघडण्याआधी. तिथे नळ नाही, हात तेलकट नाही, शेगडी तर नाहीच. माझ्या बॅगेत छोटी बाटली असते ती यासाठी.

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी समितीला न विचारता एक उद्योग केला. माळीकाकांच्या नळाला दुतोंडी जोड लावून घेतला आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे पाइप पोचत नव्हता, तिथे तोटीचे दोन जार स्टुलावर ठेवले, खाली बादल्या. बाटल्या टेबलांवरून काढायचा अधिकार आम्हाला नव्हता, त्या ठरावाने आल्या होत्या. पण वड्यावाल्या भाऊंनी त्यांची स्वतःच खांबामागे नेली आणि या वेळी ती तिथेच राहिली. पाणीपुरीवाली मुलगी दर वेळी जारपर्यंत चालत जायचा कंटाळा करेल असं मला वाटलं होतं. तिने पुरी फोडायला भावाला बसवलं, त्याचे हात धुऊन घेतले, आणि स्वतः फक्त पैसे घेत राहिली. पहिल्या तासात साबणाच्या दोन्ही वड्या गायब झाल्या. तिसरी आम्ही धुतलेल्या जुन्या पायमोज्यात घालून सुतळीने तोटीला बांधली. मेळा संपेपर्यंत ती झिजून सुपारीएवढी उरली होती. मोजा कुणाचा, यावर मात्र पुढच्या बैठकीत चर्चा व्हायची आहे.